खाडा

आईच्या स्वयंपाकघरात दाराआड कालनिर्णय टांगलेलं असायचं आणि त्याच्या खिळ्याला दोऱ्याने बांधलेली बोटभर पेन्सिल. दुधाचा सगळा हिशेब त्या तारखांच्या चौकटींत. रोजचं एक लिटर गृहीतच, त्यामुळे ते लिहायचंच नाही. जास्त घेतलं तर 'दीड'. दूधवाला आला नाही किंवा आम्ही गावाला गेलो, तर त्या तारखेवर नुसता 'खा'. महिनाअखेर आई चष्मा लावून 'खा' मोजायची, दूधवाला आपल्या वहीतले मोजायचा. दोघांचे आकडे कधी जुळले असतील तर शपथ. एखाद्या खाड्यावरून पाच-दहा मिनिटं वाजायचं, मग पैसे दिले-घेतले जायचे आणि दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा कडी वाजायची.

हा शब्द मी लहानपणापासून ऐकत आले. त्याची किंमत मात्र वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षी कळली. ती कळवली माझ्या मोठ्या जावेने, जिच्याशी मी नऊ वर्षं धड बोलत नव्हते.

आधी माझी कुंडली सांगते. मी बँकेत तेहेतीस वर्षं काढली. कॅश जुळल्याशिवाय घरी जायचं नाही, ही शिस्त अंगात मुरलेली आहे असा माझा समज होता. स्वेच्छानिवृत्ती घेतली आणि दोन महिन्यांत उघड झालं की शिस्त बँकेची होती, माझी नव्हती. रात्री दोनपर्यंत मोबाइल, सकाळी साडेआठला डोळे चोळत चहा. नऊ जानेवारीपर्यंत लिहिलेल्या डायऱ्या माझ्याकडे सात आहेत. (नऊच का, ते ठाऊक नाही. दहा तारखेत काहीतरी असावं.) योगासनांसाठी आणलेली चटई उन्हाळ्यात कुरडया वाळत घालायला निघते. मुलाने पावलं मोजणारं घड्याळ दिलं, ते मी कणीक मळताना हातात ठेवायची. पोळ्यांच्या नादात चांगली चार-पाचशे पावलं निघतात त्यात.

मग एका परदेशी भाषेचं ॲप घेतलं. सलग किती दिवस अभ्यास केला याचा आकडा त्यात मोठ्या अक्षरात दिसायचा. सत्तेचाळीस दिवस नेटाने केलं. अठ्ठेचाळिसाव्या दिवशी भाचीचं लग्न होतं, रात्री एक वाजता घरी आलो. दुसऱ्या दिवशी उघडून बघते तर आकडा शून्य. सत्तेचाळीस दिवस कुठे गेले? त्या दिवशी मला जे वाटलं ते फक्त कॅश शॉर्ट आलेल्या कॅशिअरला कळेल. मी ॲप काढून टाकलं, आणि ती भाषाही.

तर अशी मी. आता ताई.

माझं सासर नेवाशाजवळचं. प्रवरेच्या काठचं हे नेवासं म्हणजे ज्या खांबाला टेकून ज्ञानेश्वरांनी ज्ञानेश्वरी सांगितली, तो पैस खांब जिथे आहे ते गाव. आमची वस्ती तिथून थोडी बाजूला, मुळेच्या पाटाच्या पाण्यावर ऊस आणि कांदा करणारी. घरात दोन भाऊ. थोरले भाऊजी शेतीत, माझे मिस्टर नोकरीसाठी ठाण्यात. २०१२ साली वाटणी झाली. जमिनीचे दोन तुकडे सरळ पडले, विहिरीचे कसे पाडणार? ती सामाईक राहिली, आणि कोणाची मोटर कुठल्या वारी चालायची यावरून माझं आणि ताईंचं अंगणात चार वाक्यांचं भांडण झालं. भांडण चार वाक्यांचं, अबोला नऊ वर्षांचा. लग्नकार्यात समोरासमोर आलो की 'बरं आहे ना?' 'बरं आहे.' संपलं. २०२० च्या फेब्रुवारीत भाऊजी गेले. आम्ही दहाव्यापर्यंत राहिलो. मी ताईंशेजारी रोज बसले, पाणी दिलं, चहा दिला. बोलणं काही सुटलं नाही.

१३ एप्रिल २०२१, गुढीपाडवा. दुसरी लाट भरात होती, देवळं बंद, दुसऱ्या दिवसापासून संचारबंदी लागणार म्हणून मी वाण्याची यादी करत होते. फोनवर ताईंचं नाव बघून पहिला विचार आला, आता कोण?

"धाकटे, पाडव्याचं गोडधोड केलं का?"

केलं म्हटलं. मग बराच वेळ नुसता श्वास. मग म्हणाल्या, "सप्ताह या वर्षीबी नाही. तुला वाचता येतं चांगलं. मला पोथी वाचून दाखवशील का फोनवर? रोज दहा ओव्या. जास्त नको."

मी देवधर्मातली नाही. आषाढीला उपास करते तो साबुदाण्यासाठी. पण नाही म्हणायचं तर कारण द्यावं लागलं असतं, आणि ताईंशी तेवढं बोलायची सवय राहिली नव्हती. हो म्हटलं. आठ दिवसांत आपोआप बंद पडेल, आपला पूर्वेतिहास आहेच. वेळ त्यांनी ठरवली, पहाटे पावणेसहा. कारण साडेसहाला डेअरीवर दूध घालायचं असतं, त्याआधी धारा काढताना हात गुंतलेले पण कान मोकळे.

माळ्यावरून सासूबाईंची ज्ञानेश्वरी काढली. सकाळी उशाशी गजर, डोळ्यांवर झापड, आणि मी कर्जाच्या करारावरच्या अटी वाचाव्यात तशा ओव्या वाचते आहे. पलीकडून फोनमधून एक आवाज यायचा. आधी कळेना कसला. रिकाम्या बादलीत धार पडते तेव्हा ती पत्र्यावर वाजते, चर्र चर्र, अगदी कानाला टोचेल अशी. दोन-तीन ओव्या झाल्या की तोच आवाज खाली उतरतो, भरीव होतो. दूध चढत गेलं की फेसात धार बुडते आणि नुसतं फस्स फस्स ऐकू येतं. पुढेपुढे मला आकडे बघावे लागत नसत. फेसाचा आवाज आला की आठवी-नववी ओवी.

आठ दिवस झाले. बंद पडलं नाही, कारण पावणेसहाला गाय थांबलेली असायची, आणि गायीजवळ ताई.

नवव्या की दहाव्या दिवशी धारा झाल्यावरही त्यांनी फोन ठेवला नाही. म्हणाल्या, "तुला एक सांगते, कोनाला सांगू नको. मी वीस वर्षं सप्ताहाला बसू राहिले पारायणाला. पन्नास बायामाणसं एका सुरात वाचत्यात. सात दिवसांत अठरा अध्याय उरकायचे, गाडी काय कोनासाठी थांबत नाही. मी चौथी शिकलेली. पहिल्याच ओवीत 'वेदप्रतिपाद्या'ला माझी गाडी अडकायची. तोवर लोक दुसऱ्या पानावर. मग शेजारनीनं पान उलटलं की मीबी उलटायची."

वीस वर्षं. चैत्रातल्या मांडवात, पुढ्यात पोथी घेऊन, शेजारणीच्या हाताकडे डोळा ठेवून पानं उलटणारी बाई मला दिसत राहिली. हसावं की काय करावं कळेना. मग आठवलं, आमच्या शाखेत कॉम्प्युटर आले तेव्हा ट्रेनिंगमध्ये मी सहा महिने अशीच मान डोलावत होते. शेजारच्या टेबलावरच्या पोरीने एन्टर दाबलं की मीही दाबायची.

"ताई, मग तुम्हीच वाचा की. मी ऐकते," असं मी म्हटलं खरं, पण ते घडायला तीन महिने गेले.

त्या तीन महिन्यांत आधी घोळ झाला तो आवृत्त्यांचा. त्यांच्या हातात गावातली एक पोथी, माझ्या हातात सासूबाईंची, आणि दोन्हींतले ओव्यांचे आकडे मध्येच एकाने पुढे-मागे. पाठही कुठेकुठे निराळे. मी मोठ्या टाइपातल्या दोन सारख्या सार्थ प्रती आणल्या, एक कुरिअरने पाठवली. मग चष्मा. त्यांचा चष्मा म्हणजे बाजारात टोपलीतून उचललेला, एक काडी दोऱ्याने बांधलेली. आषाढी एकादशीच्या सुमारास, तिसरा अध्याय संपत आला तेव्हा, त्या एके दिवशी धारा लवकर आटपून ओट्यावर बसल्या आणि म्हणाल्या, "आज एक मी."

ती एक ओवी वाचायला अकरा मिनिटं लागली. मी घड्याळ बघत होते, खोटं कशाला बोलू. सुटं अक्षर आलं की ताई धावायच्या, जोडाक्षर आलं की बैल चिखलात रुतावा तशा थांबायच्या. मला आधी ते सांगताच येईना. 'स्व' कसं सांगणार फोनवर? मी म्हणायची, स चा पाय मोडा आणि व लावा. त्यांना ते कळायचं नाही. शेवटी त्यांनीच आपली रीत काढली. "म्हंजी अर्धा स न् पुरा व. आर्धा लिटर न् एक लिटर." झालं. तेव्हापासून 'प्र', 'ज्ञ', 'त्त्व' सगळं मापातच चालायचं. 'त्त्व'ला तर म्हणाल्या, "दोन आर्धे न् एक पुरा, हे गिऱ्हाईक हिशेबाला वाईट."

रोज एक ओवी त्यांची, नऊ माझ्या. मग दोन-आठ. सातव्या अध्यायाच्या आसपास पाच-पाच.

आता यात मला काय मिळत होतं? पहिलं म्हणजे झोप. पावणेसहाला उठायचं तर रात्री दोनचा मोबाइल जमेना, तो आपोआप दहावर आला. आणि दुसरं तळं. एकदा बोलता बोलता मी म्हटलं होतं, डॉक्टरांनी चालायला सांगितलंय, साखर वाढली आहे, पण होत नाही. ताईंनी 'चालत जा' असं एकदाही म्हटलं नाही. आमच्या घरापासून कचराळी तलाव दहा-बारा मिनिटांवर, त्याला चालायला छान वाट आहे. दुसऱ्या दिवसापासून ओव्या झाल्या की त्यांचा एक प्रश्न ठरलेला. "काल तळ्यावर काय व्हतं?"

चाललीस का, असं विचारलं असतं तर हो म्हणून मोकळी झाले असते. 'काय होतं' याला उत्तर द्यायला तिथे जाऊन यावं लागतं. एकदा मी ठोकून दिलं, "बगळे होते." ताई म्हणाल्या, "किती?" मी म्हटलं, "चार." "काय करू राहिले व्हते?" पंधरा-वीस सेकंद मी गप्प. मग दोघीही इतक्या हसलो की तिकडे गाय बिथरली. त्यानंतर खोटं बोलायची सोयच राहिली नाही. त्यांच्यामुळे मी काठावर दगड होऊन बसलेली ढोकरी बघायला शिकले. ती उडाली की एकदम पांढरी होते, हे ठाण्यात तीस वर्षं राहून मला माहीत नव्हतं. खंड्या रोज कुठल्या तारेवर बसतो ते ताईंना नेवाशात बसून पाठ झालं होतं.

त्या याला 'सावड' म्हणायच्या. आज मी तुझ्या रानात खुरपायला येते, उद्या तू माझ्या रानात ये. पैसे नाहीत, पण दिवस मोजलेले, आणि फेडायचे. "तू मला अक्षरं लाव, मी तुला तळ्याला धाडते." उपकार नाहीत आणि उपदेशही नाही. सख्ख्या बहिणीने चालायला सांगितलं असतं तर मी चिडले असते.

पण मला लिहायचं होतं ते खाड्यांविषयी.

माझा पहिला खाडा पडला जूनमध्ये. रात्री लाईट गेली, फोन चार्ज झाला नाही, गजर वाजलाच नाही. साडेआठला उठले आणि पोटात तोच शून्याचा गोळा. गेलं. आता काय अर्थ आहे. दुसऱ्या दिवशी जाग आली पावणेसहाला, पण लाजेने फोन केला नाही. माझं हे असंच होतं. एक दिवस चुकतो तो परिस्थितीने, दुसरा चुकवते ती मी. सातही डायऱ्या याच पायरीवर मेल्या आहेत.

तिसऱ्या दिवशी ताईंचाच फोन. "दोन खाडे लिहिलेत. काल कुठवर आलो व्हतो आपण?"

काल. परवाच्या आधीच्या दिवसाला त्या सरळ 'काल' म्हणाल्या. का नाही केलास, बरं नव्हतं का, काही नाही. चर्र चर्र सुरू झालं आणि मी पुढची ओवी वाचली.

मग कळलं की त्यांच्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर दुधाच्या लिटरांशेजारी आमचाही हिशेब आहे. माझा खाडा असला की टिंब, त्यांचा असला की गोल. त्यांचेही पडायचे. शेतीच्या वीजपंपाची लाईट एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. पाटाला आवर्तन सुटलेलं आणि वीज रात्रीची, अशा वेळी रात्रभर दारं धरून, म्हणजे पिकाला पाणी देऊन, पहाटे ताईंच्या अंगात त्राण नसायचं. गाय व्यायली तो एक गोल. मोतीबिंदूच्या ऑपरेशनचे सलग आठ गोल, तेव्हा मी वाचत होते पण त्यांनी ते खाडेच धरले, कारण 'माझ्या पाच मी वाचल्या नाहीत'. मग त्या आठ दिवसांच्या ओव्या पुन्हा पहिल्यापासून झाल्या. हिशेबाला त्या माझ्यापेक्षा कडक.

मुलाला हे सांगितलं तेव्हा त्याने एक लेख पाठवला. एकवीस दिवसांत सवय लागते हे जे सगळीकडे सांगतात, ते मूळचं एका अमेरिकन प्लॅस्टिक सर्जनचं, मॅक्सवेल माल्ट्झ यांचं, १९६० च्या एका पुस्तकातलं. नवीन चेहऱ्याची रुग्णाला सवय व्हायला निदान एकवीस दिवस लागतात, असं त्यांचं निरीक्षण होतं. 'निदान' हा शब्द वाटेत गळला आणि एकवीस उरले. पुढे लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांना बारा आठवडे रोज एक साधी गोष्ट करायला लावली. कोणी जेवणाबरोबर फळ खायचं, कोणी पळायला जायचं. गोष्ट अंगवळणी पडायला मधल्या माणसाला ६६ दिवस लागले. सगळ्यांत लवकर १८, आणि सगळ्यांत चिवट माणसाला गणिताने २५४. आणि त्यात एक वाक्य असं की मध्ये एखादा दिवस चुकला तर सवय लागण्यात फारसा फरक पडत नाही.

हे मी ताईंना वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, "मग काय. खाडा पडला म्हणून गाय आटती व्हय?"

इथे थोडं अवांतर. आमच्याकडे धुण्याभांड्याला येणाऱ्या बाईंचे खाडे मी वर्षानुवर्षं कॅलेंडरवर लिहीत आले आणि महिन्याला दोनच्या वर गेले की पैसे कापत आले. स्वतःच्या खाड्यांना कारणं असतात हे जसं कळत गेलं, तसं ते लिहिणं अवघड व्हायला लागलं. आता लिहीत नाही. त्या मात्र अजून स्वतःहून सांगतात, "मॅडम, या महिन्याला तीन झाले."

२०२२ चा मे. आम्ही अकराव्या अध्यायात होतो, विश्वरूपदर्शन. विहीर तळाला गेली होती. फेरफाराच्या कसल्याशा नोटिशीवरून मिस्टरांचं आणि पुतण्याचं फोनवर वाजलं, मग मी मध्ये पडले, मग ताई. पुन्हा तीच विहीर, तेच वार, आणि या वेळी वाक्यं चारच्या वर गेली. शेवटचं माझं होतं. ते इथे लिहिण्यासारखं नाही.

दुसऱ्या दिवशी मी पावणेसहाला उठले. सवयीने डोळे उघडले, पण फोन केला नाही. त्यांनीही केला नाही. असे दहा-अकरा दिवस. रोज पावणेसहाला जाग यायची आणि मी छताकडे बघत पडायची. आता कोणती ओवी चालू असती, याचा हिशेब मात्र मनात चालू. तळ्यावर जायची, बगळे मोजायची आणि ते कोणाला सांगायचे नाहीत.

बाराव्या दिवशी पावणेसहाला फोन वाजला.

"अकरा खाडे झाले. हे तुझे का माझे, ते मला ठरवता येईना. म्हनून टिंबाभोवती गोल काढलेत. कुठवर आलो व्हतो काल?"

मला पान सापडेपर्यंत धार थांबली होती. गाय पान्हा चोरते अशाने, हे मला आता कळत होतं. घाईघाईने वाचायला लागले. विहिरीविषयी त्या दिवशी बोललो नाही. मिटलं म्हणावं तर ते आजही तहसील कचेरीत पडून आहे. पण नऊ वर्षं आणि अकरा दिवस यात जो फरक आहे, तो त्या कॅलेंडरने पाडला असं मला वाटतं. आधीच्या अबोल्याचे दिवस कोणी मोजलेच नव्हते. न मोजलेले दिवस कुठे संपवायचे ते कळत नाही.

जुलैच्या सुरुवातीला बारावा अध्याय निघाला. पाऊस लागला होता, ताई खुशीत होत्या. त्यांच्या पाच ओव्यांत एक आली. वाचताना त्या एकदाही अडखळल्या नाहीत.

माळियें जेउतें नेलें । तेउतें निवांतचि गेलें ।
तया पाणिया ऐसें केलें । होआवें गा ॥

मी खालचा अर्थ वाचायला लागले, माळी जिकडे नेईल तिकडे पाणी मुकाट्याने जातं, तसं आपलं असावं. ताईंनी मला थांबवलं. "ते निवांत जात नाही, धाकटे. तू कधी दारं धरलेलं नाही. पानी दांडगं असतंय. बारं फोडलं न् खोरं हातात नसलं, तर ते आपल्या मनानं पळतंय, उंदराच्या बिळात शिरतंय. रात्रभर चिखलात उभं ऱ्हायचं, हे वाफं भरलं की ते मोडायचं, ते बांधायचं. तवा कुठं ते निवांत दिसतंय." मग थोडं थांबून, "पर माळी चांगला आसंल तर जातंय खरं. वाफ्याचा उतार माहीत पायजे."

बी.कॉम. झालेल्या मला ती ओवी गोड आणि सोपी वाटली होती. तिच्यात गुडघाभर चिखल आहे हे मला सार्थ प्रतीत कुठे सापडलं असतं?

तेराव्या अध्यायाने आमचा अंत बघितला. ११७० ओव्या, म्हणजे एकशे सतरा दिवस, आणि त्यातला बराच भाग दोघींच्याही डोक्यावरून. तिथे खाडे सर्वांत जास्त पडले. काही खरे, काही कंटाळ्याचे. कंटाळ्याचे ताई ओळखायच्या आणि तसेच लिहायच्या, काही न बोलता. चौदा ते सतरा कसे गेले ते आठवत नाही. अठरावा सर्वांत मोठा, आणि तो सुरू झाला तेव्हा ताई म्हणाल्या, "आता तू नुसती ऐक." १८१० ओव्या, अर्धं वर्ष, सगळ्या त्यांनी वाचल्या. मी धारेसारखी पलीकडे. गायीचं काम तोवर सुनेकडे गेलं होतं, तरी सवयीने त्या गोठ्यातच बसायच्या वाचायला.

आमच्या प्रतीत ९०३३ ओव्या. दहाच्या हिशेबाने ९०३ दिवस आणि वर तीन. २४ जानेवारी २०२४, बुधवार. ना एकादशी, ना जयंती. त्या दिवशी तीनच ओव्या उरल्या होत्या. पसायदान आदल्याच दिवशी होऊन गेलं होतं. सगळ्यांना वाटतं पोथी तिथे संपते, पण त्यानंतर काही ओव्या आहेत आणि त्या कोणी पाठ करत नाही. अगदी शेवटची तर निव्वळ कागदोपत्री आहे. शके १२१२ मध्ये ज्ञानेश्वरांनी ही टीका केली आणि सच्चिदानंदबाबा आदराने लेखक झाले, एवढंच.

ताईंनी ती वाचली. 'सच्चिदानंद'ला क्षणभर थांबल्या, अर्धा च, पुरा चि, आणि गेल्या पुढे. मग म्हणाल्या, "आपल्या नेवाशाचाच की हा. त्याचं नाव शेवटाला आलंय."

"हो."

"बोलनाऱ्यानं ठेवलंय त्याचं नाव. का लिहिनाऱ्यानंच घातलं आसंल मागनं?"

यावर काय बोलणार? आम्ही बराच वेळ त्या बाबाविषयीच बोलत राहिलो. ९०३३ ओव्या म्हणजे रोज किती लिहीत असेल, त्याचा हात दुखत असेल, आणि त्याचे खाडे कोण लिहीत असेल. शेवटी ताईंनी चारही वर्षांची कॅलेंडरं खाली घेतली आणि मोजले. टिंबं ६१, गोल ४१, गोलातली टिंबं ११. एकूण ११३. मी माझ्या वहीत ११० लिहिले होते. पाच मिनिटं वाद घातला. मी हरले.

दुसऱ्या दिवशी पावणेसहाला जाग आली. फोन कोणी करायचा आणि कशासाठी, हे ठरलं नव्हतं. तिसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी मात्र मी तळ्यावरून आल्यावर ताईंचा फोन आला, उन्हं वर आल्यावर, भलत्याच वेळी.

"पोरानं मोबाइलवरून उतारा काढून आनलाय, सात-बारा. तो म्हनतो मी वाचून दाखवतो. मी म्हटलं आन इकडं. आता मी वाचते, तू ऐक. काय चुकलं तर सांग."

आणि पोथीच्याच सुरात, किंचित हेल काढत, त्यांनी वाचायला सुरुवात केली. गाव नमुना सात. अधिकार अभिलेख पत्रक. गट क्रमांक. 'भोगवटादार वर्ग एक' एका दमात. भाऊजींच्या जागी आता त्यांचं स्वतःचं नाव होतं. ते वाचल्यावर त्या थांबल्या, मी काही म्हटलं नाही. मग पुतण्याचं नाव. इतर हक्कात 'सामाईक विहीर', आणि तिच्यापुढे माझ्या मिस्टरांचं नाव, तेही त्यांनी स्वच्छ वाचलं, जसं लिहिलं होतं तसं.

मग क्षेत्र. जिरायत, बागायत, हेक्टर, आर. "पोटखराबा, शून्य पूर्णांक शून्य आठ."

"ताई, पोटखराबा म्हणजे काय?"

"आँ? येवढी बँकेत व्हतीस न् पोटखराबा माहीत नाही?"

नव्हता माहीत. कर्जाच्या फायलींत शेकडो उतारे माझ्या हाताखालून गेले असतील, सह्या केल्या असतील. त्या शब्दावर मी पान उलटत आले होते.

"रानात बांध आसतो, वढा आसतो, विहिरीचा खड्डा आसतो," ताई सांगायला लागल्या. "तिथं कधी काय पिकत नाही, पेरीत बी नाही कोनी. पर ते आपल्याच रानात आसतंय. मोजनीला येकून क्षेत्रात धरावं लागतंय."

मागे गाय हंबरली. ताई म्हणाल्या थांब, आणि पुढची ओळ वाचायला लागल्या.